साहेबांना न उठवता

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चिपवर मावलेला अख्खा छोटा संगणक. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये, विजेच्या मीटरमध्ये, रिमोटमध्ये, दिवाळीच्या रंग बदलणाऱ्या माळेत तो बसलेला असतो. त्याच्या आत दोन प्रकारचे रहिवासी असतात. एक सीपीयू. प्रोग्रॅम वाचणारा, निर्णय घेणारा साहेब. दुसरे त्याच्या आजूबाजूचे पेरिफेरल. वेळ मोजणारा टायमर, व्होल्टेजचा आकडा करून देणारा एडीसी, दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर, बाहेरच्या जगाशी बोलणारा सिरीयल पोर्ट. पेरिफेरल या शब्दाचा सरळ अर्थ परिघावरचा, वेशीवरचा.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या स्वस्त चिप बदलल्या त्या मुख्यतः या वेशीवरच्या मंडळींमुळे. ती हुशार झाली. त्यांच्याबरोबर काम करताना मला एक प्रश्न सतत पडतो आणि तो इलेक्ट्रॉनिक्सच्या बाहेर जातो: निर्णय कुठे व्हावा, आणि तो ज्या नियमाने होतो तो नियम लिहायचा अधिकार कुणाला असावा?

आधी हुशारी म्हणजे काय ते बघू. इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेने गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने लॅबमध्ये ८०५१ हाताळलेला असतो. इंटेलने तो १९८० साली आणला. १२८ बाइट रॅम, दोन टायमर, एक सिरीयल पोर्ट. त्यावर बटण दाबलं गेलं का हे कळायला दोन मार्ग होते. पहिला पोलिंग: सीपीयू सारखा जाऊन विचारणार, दाबलं का, दाबलं का. दुसरा इंटरप्ट: बटण दाबलं की सीपीयूला हाक जाते, तो हातातलं काम टाकून येतो. दुसरा मार्ग चांगला, पण हाक कितीही किरकोळ असली तरी साहेबांनाच यावं लागतं.

आणि साहेबांचं जागं राहणं महाग असतं. हिशोब करू. नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांची असते. सीपीयू जागा राहून ५ मिलिअँपिअर खात असेल तर ती ४४ तासांत संपते, म्हणजे दोन दिवसही नाही. तीच चिप झोपून २ मायक्रोअँपिअर खात असेल तर कागदावर बारा वर्षं चालते. त्याआधी बॅटरीच म्हातारी होते ही गोष्ट वेगळी.

म्हणून चिप बनवणाऱ्यांनी ठरवलं, साहेबांना झोपू द्या आणि वेशीवरच्यांना एकमेकांशी बोलू द्या. टायमरने थेट एडीसीला सांगावं की माप घे. एडीसीने आकडा दिलेल्या मर्यादेत आहे का हे स्वतःच तपासावं, मर्यादेबाहेर गेला तरच हाक मारावी. ॲटमेल कंपनीने याला ‘स्लीपवॉकिंग’ असं मजेशीर नाव दिलं होतं. चिप झोपेतच उठते, काम करते, पुन्हा आडवी होते, आणि सीपीयूला पत्ताही नसतो. रास्पबेरी पायने जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरचं पिको बोर्ड आणलं. त्यातल्या आरपी२०४० चिपमध्ये पीआयओ नावाची आठ छोटी यंत्रं आहेत. अवघ्या ९ प्रकारच्या सूचना कळणारी, पण स्वतःचा चिमुकला प्रोग्रॅम स्वतः चालवणारी. तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. फोन खिशात काळा पडलेला असताना पावलं मोजली जातात ती मुख्य प्रोसेसरला न उठवता.

हे सगळं ऐकताना छान वाटतं. विकेंद्रीकरण, स्वायत्तता, परिघाला बळ, असे शब्द आपोआप ओठांवर येतात. मला इथेच थोडं थांबायचं आहे. न विचारता काम करता येणं आणि स्वतंत्र असणं या दोन गोष्टी एकच आहेत का?

कंपॅरेटरचं उदाहरण घ्या. त्याला एक मर्यादा आखून दिलेली असते. ती ओलांडली की तो निकाल देतो. कुणाला विचारत नाही, क्षणही वाया घालवत नाही. पण ही मर्यादा सकाळी सीपीयूने उठून त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. कंपॅरेटर ती बदलू शकत नाही, चुकीची आहे असं म्हणू शकत नाही. साहेबांना झोप लागावी म्हणून त्याला काम सोपवलेलं आहे, अधिकार सोपवलेला नाही. चिपमध्ये याने काही बिघडत नाही, कारण कंपॅरेटरला तहान लागत नाही.

जिथे तहान लागते अशा ठिकाणाबद्दल बोलू. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा आहे. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची मुलं तिथे धबधबा बघायला जातात. लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून खाली कोसळते, रील फार सुंदर येतं. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पडलेलं पाणी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच भागातल्या पाड्यांवर हंडे घेऊन रांगा लागतात. शेजारच्या मोखाडा तालुक्यात वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं, २०१४ साली ते पूर्ण झालं. ते पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातले काही पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. परिघ हा शब्द भूमितीतून भूगोलात आला की असा दिसतो.

अशा ठिकाणी हुशार पेरिफेरलची खरी गरज असते. पावसाळ्यात वीज जाते, चार महिने आभाळ भरलेलं असल्यामुळे छोटं सोलर पॅनेल जेमतेम काम करतं, आणि मोबाइलची रेंज दरीत उतरलं की जाते. माझा एक मित्र मूळचा जव्हारचा. त्याच्याबरोबर मी दाभोशाजवळच्या एका पाड्यावर पाण्याच्या टाकीसाठी एक साधं यंत्र बसवलं. तळाशी दाब मोजणारा सेन्सर. आत टायमर दर पाच मिनिटांनी सेन्सरला क्षणभर वीज देतो, कंपॅरेटर पातळीची मर्यादेशी तुलना करतो, निकाल एका छोट्या लॉजिक ब्लॉकमध्ये धरून ठेवला जातो. पातळी खाली गेली की टाकीखालच्या खांबावर लाल दिवा लागतो. इथपर्यंत सीपीयू झोपलेलाच. रेंज असेल तेव्हा एसएमएस पाठवायचा असला तरच त्याला उठवायचं.

दिवा लागून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, “दादा, ही रेघ कुणी ठरवली?”

रेघ म्हणजे मर्यादा. तिथून जी चर्चा झाली ती मी ऐकलेल्या कित्येक डिझाइन मीटिंगपेक्षा बरी होती. बायकांचं म्हणणं असं की एप्रिलमध्ये टाकी निम्मी झाली की दिवा लागायला हवा, कारण तेव्हा विहीर भरायला वेळ लागतो आणि दोन दिवस आधी कळलं तरच उपयोग. जुलैमध्ये दिवा नसला तरी चालेल. घरात लग्न असेल तेव्हा आणखी वेगळं. ही माहिती कुठल्याही डेटाशीटमध्ये नसते. सोय अशी होती की कंपॅरेटरच्या दुसऱ्या पायाला एक फिरवायचं बटण जोडलेलं होतं, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. ते डब्याच्या आत ठेवायचं की बाहेर, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. ते बाहेर आलं. आता ती रेघ त्यांच्या हातात आहे.

किंमत पाच-दहा रुपयांची. पण त्या बटणाने यंत्राचं नैतिक स्वरूप बदलतं असं मला वाटतं. बटण डब्यात असतं तर पाड्यावर माझा हुकूम पाळणारी एक वस्तू असती. बाहेर आल्यावर ती पाड्याची वस्तू झाली. दोन्ही वेळा सीपीयू तेवढाच झोपलेला, बॅटरी तेवढीच चाललेली. कार्यक्षमतेच्या आकड्यांत या दोन यंत्रांमधला फरक दिसतच नाही.

रेघ कुणी ठरवली, हा प्रश्न या भागात टाकीपुरता नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने लहान मुलं दगावली आणि राज्य हादरलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तोवर जिल्ह्याचं मुख्यालय घाट उतरून शंभरेक किलोमीटरवर. आपल्या भाषेत बोलायचं तर सीपीयू झोपला होता आणि त्याला उठवायला मृत्यूंची हाक लागली.

आज अंगणवाडीत एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती गुंडाळायची. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, मूल तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ पिवळं, त्यावर हिरवं. वीज नको, रेंज नको, वजनकाटा नको. ही पट्टी म्हणजे जगातला सगळ्यात स्वस्त कंपॅरेटर आहे, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तिच्याबद्दल मला आदरच आहे.

पण तिच्यावरची रेघ आकाशातून पडलेली नाही. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने तीव्र कुपोषणाची मर्यादा ११ सेंटिमीटरवरून ११.५ वर नेली. पाच मिलिमीटर. आदल्या दिवशी ११.३ सेंटिमीटर दंडाचं जे मूल त्या रेघेच्या सुरक्षित बाजूला होतं ते दुसऱ्या दिवशी धोक्याच्या बाजूला आलं. मूल तेच, भूक तीच. रेघ चांगल्या दिशेने सरकली, अभ्यास करून सरकली. तरी यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक मर्यादा म्हणजे कुणासाठी झोपमोड करायची आणि कुणासाठी नाही याचा आधीच घेतलेला निर्णय असतो. ११.६ सेंटिमीटर दंडाच्या मुलासाठी तातडीची घंटा वाजत नाही.

आणि इथे अंगणवाडी सेविका आणि कंपॅरेटर यांच्यातला फरक कळतो. पट्टीला ११.६ दिसतं. सेविकेला हेही दिसतं की दिवाळी झाली की या मुलाचे आईबाप वीटभट्टीवर जाणार आहेत, मूल सोबत जाणार आहे, आणि पुढचे सहा महिने त्याचा दंड मोजायला कुणी नसेल. तिच्या दृष्टीने हे मूल आजच लाल आहे. तिला ते लाल म्हणायची मुभा आहे का? तिच्या फोनमधल्या ॲपमध्ये आकडा भरायला रकाना असतो, तिच्या या माहितीला असतो का? २०२१ साली राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत, त्यात पोषण ट्रॅकर ॲप नीट चालत नाही, आणि ते इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मला त्यात एक जुनी गोष्ट दिसते. परिघावरच्या माणसाला आपण सेन्सर समजतो. तिने मोजावं आणि कळवावं. तिचं शहाणपण आपल्या व्यवस्थेत कुठल्या पिनला जोडलेलंच नसतं.

आता यावर उलट बाजूने बोलायला हवं, कारण ती बाजू कच्ची नाही.

सगळं परिघावर सोडून द्यावं का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानण्याच्या कल्पनेवर अत्यंत कठोर टीका केली होती. त्यांच्या लेखी गाव म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता. घटनेचं एकक त्यांनी व्यक्ती मानलं. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांना ‘निर्णय स्थानिक पातळीवर होऊ द्या’ हे वाक्य गोड वाटणं शक्य नव्हतं. टाकीच्या बटणाबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो: ते फिरवतं कोण? पाड्यातल्या सगळ्या बायका, की ज्याच्या घरासमोर टाकी आहे तो?

या आक्षेपाचं उत्तर चिपमध्ये अनपेक्षितपणे सापडतं. मोटर चालवणाऱ्या चिपमध्ये एकावर एक दोन स्विच असतात. दोन्ही एकदम चालू झाले तर शॉर्टसर्किट होऊन सगळं जळतं. म्हणून टायमरच्या हार्डवेअरमध्येच दोघांच्या मध्ये थोडा मोकळा वेळ सोडलेला असतो आणि काही चिपमध्ये ही सेटिंग कुलूप लावून ठेवता येते. एकदा कुलूप लागलं की चिप रिसेट होईपर्यंत प्रोग्रॅमलाही ती बदलता येत नाही. म्हणजे काही रेघा कुणाच्याच हातात ठेवायच्या नसतात, परिघाच्याही नाही आणि केंद्राच्याही नाही. मूलभूत हक्क मला अशा कुलूपबंद रजिस्टरसारखे वाटतात. पाणी किती उरल्यावर दिवा लावायचा हे पाड्याने ठरवावं. टाकीवर कोण येऊ शकतं हे ठरवायचा अधिकार पाड्यालाही नको.

दुसरा आक्षेप असा की मग केंद्राने कायम जागंच का राहू नये? सगळा डेटा वर येऊ दे, तो सगळं बघेल. यात बॅटरीचं गणित आड येतं, आणि फक्त बॅटरीचं नाही. प्रत्येक गोष्ट विचारत राहणारा साहेब परिघाचा सगळा वेळ उत्तरं देण्यात घालवतो. फोटो पाठवा, हजेरी पाठवा, लोकेशन पाठवा. मोजण्यातून काम करायला सवड उरत नाही. त्यामुळे केंद्राच्या झोपेला माझा विरोध नाही. झोप चांगली असते. ती कुणाच्या जिवावर घेतली जाते आणि त्या झोपलेल्याला उठवता येतं का, एवढंच बघायचं.

उठवण्यासाठीच चिपमध्ये एक पेरिफेरल असतो, आणि माझ्या लेखी तो सगळ्यांत महत्त्वाचा. वॉचडॉग टायमर. राखणदार कुत्रा. तो शून्याकडे मोजत जातो. सीपीयूने ठरलेल्या वेळेत येऊन आपण ठीक आहोत असं दाखवून ते मोजणं पुन्हा सुरू करून द्यायचं. सीपीयू कुठे अडकून पडला, आला नाही, तर वॉचडॉग शून्यावर पोचतो आणि अख्खी चिप रिसेट करतो. एसटीएम३२ सारख्या चिपमध्ये स्वतंत्र वॉचडॉगला स्वतःचं वेगळं घड्याळ असतं, आणि एकदा चालू केला की प्रोग्रॅमला तो बंद करता येत नाही. म्हणजे साहेबांनी स्वतःच अशी एक व्यवस्था मान्य केलेली असते जी साहेबांना खाली खेचू शकते.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी १९९६ साली पेसा कायदा आला, महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. जव्हार आणि मोखाडा त्यात येतात. या नियमांनुसार एखादा पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो, आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी ‘अबंध’ म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचा निर्णयही नंतर झाला. अबंध म्हणजे कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं. रेघ ठरवायचं बटण डब्याबाहेर काढण्याचा हा कायद्यातला प्रयत्न आहे, आणि ग्रामसभा ही वॉचडॉग व्हावी अशी त्यामागची अपेक्षा आहे.

वॉचडॉगला फसवायची एक पद्धत आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. ‘मी ठीक आहे’ हे सांगायचं काम मुख्य प्रोग्रॅमकडून काढून एका टायमर इंटरप्टला देऊन टाकायचं. मग मुख्य प्रोग्रॅम मरून पडला तरी टायमर इमानेइतबारे दर सेकंदाला कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहतो. कुत्रा शांत. बाहेरून सगळं व्यवस्थित. ज्यांनी कधी ग्रामसभेचं रजिस्टर घरोघरी सह्यांसाठी फिरताना पाहिलं असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सभा झाली नाही, पण सह्या झाल्या. कोरम पूर्ण, कुत्रा शांत.

म्हणून परिघाला बळ दिलं, असं कुणी म्हटलं की मी तीन गोष्टी विचारतो. केंद्राला न विचारता त्याला काम करता येतं का? ज्या रेघेवर ते काम चालतं ती त्याला हलवता येते का? आणि केंद्र अडकून पडलं तर त्याला उठवायची ताकद त्याच्याकडे आहे का, तीही खोट्या सह्यांनी गप्प करता न येणारी? पहिलीचं उत्तर हल्ली जवळपास सगळीकडे ‘हो’ येतं, कारण त्यात केंद्राचाच फायदा असतो. त्याची वीज वाचते. दुसरी आणि तिसरी गोष्ट द्यायला केंद्राला काहीतरी सोडावं लागतं. चिपमध्ये त्या द्यायच्या की नाही हे आमच्यासारखे लोक ठरवतात, टेबलावर, चहा पिता पिता, आणि बऱ्याचदा तो निर्णय आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

सीएच३२व्ही००३ नावाची चिप हल्ली ठोक भावात दहा रुपयांच्या आसपास पडते. त्यात ८०५१ च्या सोळा पट रॅम आहे, टायमर आहेत, एडीसी आहे, स्वतंत्र घड्याळावर चालणारा वॉचडॉग आहे. एका वडापावापेक्षा कमी पैशांत मिळणाऱ्या चिपमध्ये जर साहेबांना जाब विचारायची सोय ठेवता येत असेल, तर ती महाग पडते म्हणून मोठ्या व्यवस्थांमध्ये ठेवली नाही असं म्हणायला जागा राहत नाही. तिथे नसेल तर ती कुणाला तरी नको आहे.